न दुखणारी जखम

काही वर्षांपूर्वी प्राथमिक शिक्षकांच्या एका विज्ञान कार्यशाळेत आम्ही ‘त्वचा आणि संवेदना’ हा भाग घेतला होता. तास संपल्यावर एक बाई थांबून राहिल्या. त्यांच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचा डावा हात जन्मापासून अधू होता. एका शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला मुले कागद कापत होती. शेजारची मुलगी ओरडली, “बाई, हिच्या कागदाला रक्त लागलंय!” पाहतात तो कागद धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीला कात्री लागलेली आणि ही आपली कापतेच आहे. “मला काही झालं नाही बाई, दुखतच नाहीये,” असे तिचे म्हणणे.

जखम जेमतेम सेंटीमीटरभर होती. बाईंनी बोट धुतले, पट्टी घट्ट बांधली आणि मुलगी खेळायला पळाली. सोमवारी ती आली तेव्हा तीच पट्टी मळून काळी झाली होती. बोट सुजले होते आणि पट्टी सोडल्यावर आत पू दिसला. डॉक्टरांच्या उपचाराने बोट बरे झाले. पण बाईंच्या मनातला प्रश्न गेला नव्हता. “ती एकदाही रडली नाही, कण्हली नाही. मला वाटलं, दुखत नाही म्हणजे बरं होत असणार. माझं चुकलं कुठे?”

त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर तुटपुंजे होते. ते जरा नीट द्यावे म्हणून हा लेख.

हात अधू होतो म्हणजे काय होते?

मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंना मज्जातंतू बाहेर पडतात. त्यांपैकी खालचे चार आणि छातीच्या भागातला सर्वांत वरचा एक असे पाच मज्जातंतू खांद्याकडे जाताना एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा वेगळे होतात. मानेच्या आणि काखेच्या दरम्यान त्यांचे एक जाळेच तयार होते. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत सगळा कारभार या जाळ्यातून चालतो.

बाळंतपणात कधी कधी बाळाचे डोके बाहेर येते, पण खांदा अडकतो. त्या ओढाताणीत मान आणि खांदा यांमधले अंतर वाढते आणि हे जाळे ताणले जाते, क्वचित तुटते. साधारणपणे दर हजार जन्मांमागे एक-दोन बाळांना अशी इजा होते. यातल्या पुष्कळ मुलांचा हात पहिल्या काही महिन्यांत सुधारतो. काहींचा अधूपणा मात्र थोडाफार राहतोच. जाळ्याच्या वरच्या भागाला इजा झाली तर खांदा आणि कोपर दुबळे होतात. या प्रकाराला जर्मन डॉक्टर विल्हेल्म एर्ब यांचे नाव मिळाले आहे. खालच्या भागाला इजा झाली तर पंजा आणि बोटे दुबळी होतात. याचे वर्णन ऑगस्टा क्लुम्पके यांनी १८८५ मध्ये केले.

मोठ्या मुलांमध्ये कारणे वेगळी असतात. झाडावरून पडून कोपराजवळचे हाड मोडले, काचेने मनगट खोल कापले, की तिथला एखादा मज्जातंतू दुखावतो. कुष्ठरोगातही हातापायांचे मज्जातंतू निकामी होतात.

हात हलत नाही हे सर्वांना दिसते. तो किती ‘जाणतो’ हे मात्र कोणाला दिसत नाही. जन्मतः इजा झालेल्या मुलांत बहुधा हालचालींपेक्षा संवेदना अधिक चांगली परत येते. पण काही मुलांच्या बोटांवर, पंजावर किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टे राहून जातात. मुलाला स्वतःलाही ते सांगता येत नाही, कारण त्याने दुसरा कोणता हात अनुभवलेलाच नसतो.

एका तारेतून तीन कामे

मज्जातंतू ही एक जाडसर तार आहे असे समजले तर तिच्या आत हजारो सूक्ष्म धागे असतात. त्यांना अक्षतंतू म्हणतात. हे धागे तीन प्रकारची कामे करतात.

पहिले काम हालचालीचे. मेंदूचा हुकूम स्नायूकडे पोचवायचा.

दुसरे काम संवेदनेचे. त्वचेतल्या धाग्यांच्या टोकांवर विशिष्ट प्रथिने असतात. उष्णतेने, दाबाने ती उघडतात आणि संदेश सुरू होतो. ही प्रथिने शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनेचा संदेश दोन प्रकारच्या धाग्यांतून जातो. एका प्रकारात त्याचा वेग सेकंदाला पाच ते तीस मीटर असतो, दुसऱ्यात जेमतेम एक मीटर. पायाचा अंगठा उंबऱ्याला आपटला की आधी चटकन कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, त्याचे कारण हेच.

तिसरे काम आपल्या लक्षातच येत नाही. ते म्हणजे त्वचेची देखभाल. घाम आणायचा, रक्तवाहिन्या आवळायच्या आणि सैल सोडायच्या, हे सारे मज्जातंतूच करतात. मज्जातंतू तुटला की त्या भागाला घाम येत नाही. त्वचा कोरडी पडते आणि तिला भेगा जातात. पुष्कळदा असा हात दुसऱ्या हातापेक्षा गार लागतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. आपल्या निरोगी हाताच्या आतल्या बाजूवर पट्टीच्या बोथट कोपऱ्याने, रक्त येणार नाही अशा बेताने, एक रेघ जोराने ओढा. थोड्या वेळात रेघ लाल होते. मग तिच्या आजूबाजूला लाली पसरते आणि काहींच्या हातावर रेघ फुगून वर येते. सावळ्या त्वचेवर लाली कमी दिसते, म्हणून हे नीट उजेडात पाहावे. इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस लुइस यांनी १९२७ मध्ये या तिन्ही पायऱ्यांचे सविस्तर वर्णन केले. आजूबाजूला पसरणारी लाली संवेदना वाहणाऱ्या धाग्यांमुळेच येते. धागे सुकून गेलेल्या जागी रेघ लाल होते, पण लाली पसरत नाही. जखम झाली की हेच धागे आपल्या टोकांतून काही रसायने सोडतात. त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दुरुस्तीचे साहित्य लवकर पोचते.

म्हणजे बधिर हातावरच्या जखमेची अडचण दुहेरी आहे. तिची बातमी मेंदूला पोचत नाही आणि दुरुस्तीची यंत्रणाही थोडी मंद चालते.

‘कळतंय का?’ हा प्रश्न पुरेसा नाही

१९०३ च्या एप्रिल महिन्यात हेन्री हेड या इंग्लिश डॉक्टरांनी एक धाडस केले. त्यांनी स्वतःच्या डाव्या हातातला, त्वचेकडे जाणारा मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापून घेतला आणि त्याची टोके पुन्हा शिवून घेतली. नंतरची चार वर्षे त्यांचे मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स केंब्रिजमध्ये त्यांचा हात तपासत होते. कोणती संवेदना कधी परत येते याची नोंद दोघांनी ठेवली आणि १९०८ मध्ये ती प्रसिद्ध केली. हेड यांनी तिच्यावरून मांडलेला सिद्धान्त पुढे टिकला नाही. पण एक निरीक्षण आपल्या उपयोगाचे आहे. त्वचा बधिर झाली तरी बोटाने जोरात दाबलेले त्यांना कळत होते, कारण खोलवरच्या दाबाची संवेदना स्नायूंकडे जाणाऱ्या दुसऱ्या मज्जातंतूंतून जात होती.

आपण मुलाचा हात दाबून विचारतो, “कळतंय का रे?” तो म्हणतो, “हो.” आपण समजतो, सारे ठीक आहे. वास्तविक त्याला दाब कळतो, पण काप, चटका किंवा काचेचा तुकडा कळेलच असे नाही. म्हणून बधिर भाग कोणता ते डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून नीट आखून घ्यावे. ते अगदी हलक्या स्पर्शाने तपासतात. मुलाने डोळे मिटून ‘कुठे लागले’ ते बोटाने दाखवायचे असते. पालकांनी हा नकाशा कागदावर काढून एक प्रत शाळेत द्यावी. शिक्षकांनी मात्र टाचणी टोचून पाहण्याचा प्रयोग कधीही करू नये.

घरच्या घरी एक खूण पाहता येते. अर्धा तास कोमट पाण्यात हात ठेवला की बोटांना सुरकुत्या पडतात. पुष्कळांना वाटते की कातडी पाणी पिऊन फुगते. खरे तर मज्जातंतूंच्या हुकमाने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून त्या पडतात. मज्जातंतू तुटलेल्या बोटांना त्या पडत नाहीत. डॉक्टरांनी १९७३ पासून तपासणीत या गोष्टीचा उपयोग करून घेतला आहे. पाणी कोमट आहे ना, हे मात्र चांगल्या हातानेच पाहावे.

वेल्लोरची गोष्ट

दुखणे गेले तर काय होते, याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच देशात शिकला गेला. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’, मांस आपोआप सडते, असे तेव्हा डॉक्टरही मानत. एकदा एका कोठाराचे गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका अशक्त, लहान रुग्णाने किल्ली घेतली आणि एका हिसक्यात कुलूप उघडले. ब्रँड चकित झाले. एवढ्यात त्यांना जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत चिरले होते आणि त्याला पत्ताच नव्हता.

तेव्हापासून ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचे कारण शोधू लागले. कोणी तापलेले भांडे उचललेले असे, कोणी खिळा घुसलेल्या चपलेने दिवसभर चाललेले असे. काहींची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत. मग रुग्णांना मांजरे पाळायला दिली गेली. मांस आपोआप सडत नव्हते. रोज होणाऱ्या लहान जखमा कोणाला कळत नव्हत्या, त्या पुन्हा पुन्हा उघडत आणि चिघळत. जखमा वेळेवर पाहिल्या, झाकल्या आणि त्या भागाला विश्रांती दिली, तर त्या इतर माणसांसारख्याच भरून येत.

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील कारव्हिल येथे ब्रँड यांनी यंत्राने ‘कृत्रिम वेदना’ निर्माण करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारी उपकरणे बसवली. दाब वाढला की कानात आवाज येई. लोक आवाजाकडे दुर्लक्ष करीत. मग शरीराच्या शाबूत भागाला विजेचा झटका बसेल अशी सोय केली. तेव्हा अवघड काम करायच्या आधी लोक यंत्रच बंद करून ठेवीत! शेवटी तो नाद सोडावा लागला. खऱ्या वेदनेला बंद करायचे बटण नसते, आणि तिचा उपयोग नेमका त्यातच आहे.

वेदनेची कामे वाटून घेऊ

निरोगी मुलाचे बोट कापले की वेदना तीन कामे करते. ‘जखम झाली’ अशी ती बातमी देते. ‘हे बोट वापरू नको’ असे बजावते. आणि जखम बिघडू लागली की ठणका वाढवून ‘पुन्हा बघ’ अशी आठवण करते. बधिर हातात ही तिन्ही कामे करणारे कोणी नसते. ती डोळ्यांनी, दुसऱ्या हाताने आणि जवळच्या माणसांनी करायची असतात. किरकोळ जखमेची काळजी घेण्याचे सारे नियम यातूनच निघतात.

जखम झाल्याबरोबर

स्वतःचे हात साबणाने धुवा. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे एकसारखे दाबा. थांबले का, म्हणून दर मिनिटाला उचलून पाहू नका.

रक्त थांबल्यावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली जखम धुवा. सभोवतालची त्वचा साबणाने धुवा. मग चांगल्या उजेडात, शाळेत भिंग असेल तर भिंगातून, आत काच, कुसळ किंवा खडा आहे का ते पाहा. दुसरे मूल ‘टोचतंय’ म्हणून सांगेल, हे सांगणार नाही. मग सगळा हात, दोन्ही बाजूंनी आणि बोटांच्या बेचक्यांतही पाहा. एक जखम सापडली म्हणजे दुसरी नसेलच असे नाही.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा दाट जंतुनाशक जखमेत ओतू नका. त्यांनी जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही मरतात. इतर मुले झोंबले की हात ओढून घेतात, त्यामुळे मोठ्यांचाही हात आवरतो. इथे मूल शांत बसते आणि आपण ओततच राहतो. हळद, कॉफीची पूड, राख, चुना, दगडी पाल्याचा रस हे घरगुती उपायही टाळावेत. त्या पाल्यात औषधी गुण असतील किंवा नसतील. पण बांधावरून तोडून तळहातावर चुरगळलेल्या पाल्याबरोबर माती येते, आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

जखमेला व्हॅसलीनचा पातळ थर लावून ती स्वच्छ पट्टीने झाकावी. ‘जखम उघडी ठेवा, वाळू द्या’ असे आपण ऐकत आलो. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले की झाकून ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने पसरते. बधिर हातावर झाकण्याचा आणखी एक फायदा आहे. नकळत लागणारे घासणे आणि मळ यांपासून जखम वाचते.

पट्टी किती घट्ट बांधावी? इतर मुलांच्या बाबतीत हा प्रश्न मूलच सोडवते. इथे आपण सोडवायचा. चिकटपट्टी बोटाभोवती पूर्ण वेढा घालून लावू नका. बांधल्यावर त्या बोटाचे नख दाबून सोडा. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. जखमेच्या वरच्या बाजूला घट्ट बांगडी, रबरबँड किंवा दोरा असेल तर तो काढा. हात सुजला की तो रुततो आणि मुलाला कळत नाही.

आता बोट वापरू नये यासाठी काय करावे? पट्टीवर एखादी रंगीत चिंधी सैलसर बांधावी. वेदना जे आतून सांगते ते रंग डोळ्यांना सांगेल. एवढ्याने भागणार नाही, हे कारव्हिलच्या अनुभवावरून दिसतेच. म्हणून शेजारी बसणाऱ्या मुलाला आणि वर्गशिक्षकांनाही आठवण करण्याचे काम द्यावे.

पुढचे दिवस

रोज एकदा, आणि पट्टी भिजली किंवा मळली तर लगेच, ती बदलावी. प्रत्येक वेळी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. लाली वाढली का? सूज वाढली का? पू किंवा वास येतो का? जखम कालच्यापेक्षा मोठी दिसते का? आणि हाताची पाठ लावून पाहिले तर तो भाग गरम लागतो का? दोन्ही हातांना एकाच जागी स्पर्श करून तुलना करावी. एरवी गार असणारा हात एका जागी गरम लागला तर ती मोठी खूण आहे. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून तारीख घालावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी ‘वाढली की नाही’ यावर वाद होत नाही.

शेक देऊ नका. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेले कापड किंवा शेकोटी यांनी बधिर त्वचा भाजते आणि लहान जखमेची मोठी होते. बर्फही थेट लावू नका.

पुढील गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर राहतात किंवा आत पिवळसर चरबी दिसते. दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही. जखमेत काही अडकले आहे. मूल नेहमी हलवते ते बोट आता हलवता येत नाही. लाली रेघेबाहेर पसरते, काखेकडे जाणारी लाल रेषा दिसते, काखेत गाठ येते किंवा ताप येतो. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तरी दाखवावे. डॉक्टरांना ‘हा हात बधिर आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण ‘दुखतंय का?’ या प्रश्नावर तेही विसंबतात. प्राण्याचा चावा मात्र किरकोळ कधीच नसतो. तो साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

धनुर्वाताच्या लसीची नोंद पाहून ठेवावी. आपल्या सरकारी वेळापत्रकात तान्हेपणीच्या मात्रांनंतर सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुढच्या मात्रा असतात.

जखम नसतानाही कोरड्या त्वचेची काळजी घ्यावी, कारण प्रत्येक भेग म्हणजे जंतूंना उघडे दार. कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत शिकवला जाणारा उपाय साधा आहे. रोज पंधरा-वीस मिनिटे हात साध्या पाण्यात भिजवावा, हलके टिपावा आणि ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. नखे नेहमी कापलेली असावीत.

संवेदना परत येताना

१८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेवर प्रयोग करून दाखवले की मज्जातंतू तुटला की तुटलेल्या जागेच्या पुढचा भाग सुकून जातो. पेशीकडचा भाग जिवंत राहतो आणि वाट मोकळी असेल तर त्यातून नवे धागे पुढे वाढतात. त्यांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो. वर्गाला गणित घालता येईल. कोपराजवळ इजा झालेल्या मुलाच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर तीस सेंटीमीटर असेल तर धागे टोकाला पोचायला किती दिवस? तीनशे दिवस, म्हणजे सुमारे दहा महिने. सारे धागे पोचतीलच असे नाही, आणि पोचलेले योग्य जागी पोचतील असेही नाही.

या काळात हाताला मुंग्या येतात, विचित्र खाज सुटते. काही मुले बधिर किंवा मुंग्या येणारी बोटे चावतात, कधी रक्त येईपर्यंत. हा खोडसाळपणा नव्हे. रागावून उपयोग नाही. हातमोजा घालावा, मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवावे आणि डॉक्टरांना सांगावे. मधूनमधून बधिर भागाचा नकाशाही नवा करून घ्यावा.

वर्गात

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग त्या मुलीला कात्री देऊच नये. तो धडा चुकीचा ठरेल. न वापरलेला हात आणखी दुबळा होतो, आणि मुलाचे मन त्याहून अधिक. कात्री बोथट टोकाची द्यावी, कागद टेबलावर चिकटवून द्यावा, पण तिला कापू द्यावे.

त्या बाईंनी पुढे काय केले ते त्यांनी पत्राने कळवले होते. रोज शाळा सुटायच्या आधी साऱ्या वर्गाने दोन्ही हात बाकावर ठेवून, पालथे-उताणे करून पाहायचे आणि शेजाऱ्याला दाखवायचे, असा नियम त्यांनी केला. चाळीस मुले हात पाहत असल्याने त्या मुलीला वेगळे वाटत नव्हते. पहिल्याच आठवड्यात तीन धडधाकट मुलांच्या हातांवर त्यांना न कळलेले ओरखडे निघाले.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. जखम धुतली हे बरोबरच होते. पट्टी घट्ट झाली आणि दोन दिवस कोणी ती सोडून पाहिली नाही, एवढेच चुकले. ते चुकले याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. जखम बिघडली तर मूल सांगेल, ही आपली जन्माची सवय आहे. या मुलीच्या हाताने सांगायचे सोडले आहे, म्हणून आपण विचारायचे सोडू नये.